पुण्याला गेलेलं कुत्रं

रविवारी कुत्र्याला मागच्या सीटवर बसवून मी नांदेडहून निघतो आणि शिरड शहापूरच्या पुढच्या डोंगरावर आम्ही दोघं चढतो. पायथ्याशी तांड्यावरची एक म्हातारी शेळ्या राखत बसलेली असते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

आम्हाला पाहिलं की ती पदराची गाठ सोडून चानकी काढते. भाकरी थापून झाल्यावर उरलेल्या पिठाची ही लहानशी भाकरी तिच्या घरी कुत्र्याची. तिचं कुत्रं मात्र लेकानं पुण्याला नेलंय.

"मग चानकी कशाला करता, मावशी?"

"हात ऐकत न्हाई."

परवा म्हणाली, "तिकडं त्याला बी तुमच्यावाणी गाडीत घालून डोंगर दाखवायला नेतेत. तुमाला दिसलं असंल की. काळं हाय, एक कान तुटलेला."

कुत्र्यांना गाडीतून डोंगरावर नेणारे आम्ही सगळे कुठंतरी भेटतच असणार, असं तिला वाटत होतं. पुणं किती लांब आहे, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

"भेटलं तर काय सांगू?" मी विचारलं.

"सांगायचं काई न्हाई. पोरासंग मी फोनवर बोलते. कुत्र्याला फोनात काय कळंल?"

मग तिनं दोन्ही तळवे माझ्या कुत्र्याच्या मानेवर, पाठीवर सावकाश चोळले.

"भेटलं की एवढं हुंगू द्या त्याला."

घरी आल्यावर बायको म्हणाली, याला आधी आंघोळ घाला.

मी म्हणालो, आज राहू दे.