सांभाळून घ्या, सांभाळून ठेवा

आमच्या कॉलेजची स्मरणिका निघते आहे. मी तिथे भूगोल शिकवला आणि निवृत्त होईपर्यंत बरीच वर्षं क्रीडा समितीचा अध्यक्षही होतो, म्हणून छपाईआधीचा मजकूर तपासायला माझ्या मोबाइलवर आला. त्यात खेळाच्या गौरवशाली परंपरेवर एक प्रकरण आहे. मुलींच्या कबड्डी संघाचा फोटो आहे. मधोमध उभ्या असलेल्या खेळाडूबद्दल खाली लिहिलं आहे : ‘घरगुती कारणांमुळे हिने शिक्षण अर्धवट सोडले.’

हे वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे माहीत असलेली माणसं कॉलेजात तिघंच होती. प्राचार्य वारले. क्रीडा शिक्षक मुलाकडे पुण्याला असतो, आणि फोनवर हा विषय निघाला की त्याला नीट ऐकू येईनासं होतं. उरलो मी.

क्रीडा समिती काय करते हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. खेळाडू वर्गात बसतात का, सरावापायी त्यांचा अभ्यास बुडतो का, बुडाला तर तो कसा भरून काढायचा, हे प्राध्यापकांनी पाहावं म्हणून ती नेमलेली असते. प्रत्यक्षात आमची समिती वर्षातून एकदाच बसायची, गुण विद्यापीठाला पाठवायच्या आधी, प्राचार्यांच्या खोलीत. आलुबोंडे मागवलेले असायचे, सोबत तळलेल्या मिरच्या. क्रीडा शिक्षक एकेका खेळाडूचं नाव घेऊन म्हणायचा, “सर, याले सांभाळून घ्या.” ज्याचा विषय असेल तो प्राध्यापक तोंडातला घास गिळून म्हणायचा, “घेतला.” पुढचं नाव. “घेतला.” ढोरांच्या बाजारात बसल्यासारखं वाटायचं. हजेरी, अंतर्गत गुण, प्रात्यक्षिकाचे गुण, जे जे कॉलेजच्या हातात होतं ते सगळं त्या तेलकट बोटांनी भरलं जायचं. 

गरिबाघरची पोरं आहेत, मैदानावर घाम गाळतात, चार गुण दिले तर काय बिघडलं, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. खरी गोष्ट अशी की त्यांना बसवून शिकवायचा आम्हाला कंटाळा होता. गुण देणं सोपं होतं.

एकदा मी मुलांच्या संघाबरोबर नागपूरला चाललो होतो. बस पवनारच्या पुलावर आली तेव्हा शेजारी बसलेल्या कर्णधारानं खिडकीतून खाली पाहिलं.

“सर, हे वैनगंगा व्हय का?”

“धाम आहे,” मी म्हणालो.

“आपल्याच जिल्ह्यातली?”

मागच्या सीटवरून कोणीतरी ओरडलं, “अबे, सरानं तुले भूगोलात फर्स्टक्लास देल्ला न बे! सराची इज्जत तं ठेव!”

सगळी बस हसली. मीही हसलो. ते हसू आठवलं की मला स्वतःची किळस येते. तो मुलगा अख्खी पदवी माझ्या विषयात होता, रोज त्या पुलावरून कॉलेजला येत होता आणि खालच्या नदीचं नाव त्याला माहीत नव्हतं.

फोटोतली मुलगी मात्र या व्यवहारात बसत नव्हती. गिरडजवळच्या एका खेड्यातली. चढाईला गेली की समोरचा संघ मागच्या रेषेला चिकटायचा. आणि तरी ती वर्गात यायची. सकाळचा सराव आटोपून, गुडघ्यांवरची माती तशीच घेऊन पहिल्या बाकावर बसायची. नकाशावर उंचीच्या रेषा काढताना तिचा हात वर्गात सगळ्यांत स्थिर असायचा. एकदा मी मोठेपणानं म्हणालो, “तू सरावाला जा. तुझ्या नकाशांचं मी पाहून घेईन.”

“काऊन, सर? मले येते. मीच काढीन.”

तिला शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी बीपीएड आणि त्याआधी बीए. घरी स्थळं येऊ लागली होती. डिग्री होऊ द्या, मग बघू, असं सांगून तिच्या वडिलांनी ती थोपवून धरली होती. हे तिनंच मला सांगितलं होतं आणि क्रीडा शिक्षकालाही. म्हणजे त्या वर्षीच्या निकालावर तिचं काय अवलंबून होतं हे आम्हाला पुरतं ठाऊक होतं.

अंतिम वर्षाचं भूगोलाचं प्रात्यक्षिक आलं त्याच आठवड्यात ती विद्यापीठाच्या संघातून परराज्यात खेळायला गेली. आम्हीच पाठवलं. अशा वेळी खेळाडू परतल्यावर त्याचं प्रात्यक्षिक वेगळं घ्यायची पद्धत होती. ‘घ्यायचं’ हे नुसतं म्हणायला. बहुतेकांचे गुण ते गावी पोचायच्या आत भरलेले असायचे. ही परतल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपासपेटी घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

“सर, माह्यं कधी घेता?”

“सांगतो,” मी म्हणालो.

समिती बसली. आलुबोंडे आले. नावं संपली, बाकीचे प्राध्यापक हात धुऊन निघून गेले. खोलीत आम्ही तिघं उरलो, तेव्हा क्रीडा शिक्षकानं तिचं नाव काढलं. या वेळी तो ‘घ्या’ म्हणाला नाही.

“सर, हिले सांभाळून ठेवा.”

मला कळलं नाही. “ठेवा म्हणजे?”

“डिग्री हाती आली का हे चालली अमरावतीले, बीपीएडले. मंग तिकडून खेळन अन् आपल्यालेच हरवन. यंदा अटकली तं पुढच्या सालीबी आपल्याकडेच. फिरून अ‍ॅडमिशन देऊ. नियमात कसं बसवाचं ते मी पाह्यतो.”

प्राचार्यांनी मिरचीचं देठ बशीच्या कडेला ठेवलं. “प्रात्यक्षिकाला ती हजर होती का हो?” त्यांनी मला विचारलं.

“नव्हती.”

“मग जे आहे ते लिहा. आपण खोटं काही करत नाही.”

इतकी वर्षं आम्ही न आलेल्यांना हजर दाखवत आलो होतो. त्या एका मुलीपुरतं आम्हाला खऱ्याचं प्रेम आलं. मी तिच्यापुढे ‘गैरहजर’ लिहिलं. प्राचार्यांनी बशी माझ्याकडे सरकवली आणि मी आणखी एक आलुबोंडा उचलून खाल्ला.

मला कोणी धमकावलं नव्हतं. माझं कुठलं काम प्राचार्यांकडे अडलं नव्हतं. संघ जिंकला की वर्तमानपत्रात फोटो यायचा, आणि खेळाडू मागे उभे असायचे तेव्हा पुढच्या खुर्चीवर मी बसलेला असायचो. तेवढ्यासाठी मी ते केलं. याहून मोठं कारण शोधून मी दमलो आहे. नाहीच ते.

निकाल लागल्यावर ती वडिलांना घेऊन आली. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. “जयभीम, सर,” ते म्हणाले. मी “नमस्कार” म्हणालो.

“सर, मले अ‍ॅबसेंट काऊन दाखवलं?” तिनं उभ्याउभ्याच विचारलं. “तुमीच तं पाठवलं होतं.”

“नियम आहे, बाळ.”

“मंग बाकीच्याइले नाई का नियम?”

“सरासंग असं बोलतेत का?” वडिलांनी तिला दटावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, काई तं चूक झाली असन. हिंगणघाटच्या पाहुण्याइले मी सांगून बसलो, पोरीची डिग्री झाल्यावरच बोलू. आता ते म्हणतीन, पोरगी तं नापास झाली, आता कायची वाट पाह्यता?”

“एका वर्षाचा तर प्रश्न आहे,” मी म्हणालो. “पुन्हा बसेल परीक्षेला. खेळेलही.”

मी ‘खेळेलही’ म्हणालो आणि तिची मान झटकन वर आली. 

“चाला, बाबा,” ती म्हणाली. “समजलं मले.”

त्याच उन्हाळ्यात हिंगणघाटला तिचं लग्न झालं. पुढच्या वर्षी आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. क्रीडा शिक्षक स्टाफरूममध्ये म्हणाला, “बेइमान निघाली पोरगी. एवढं केलं तिच्यासाठी.” मी वर्तमानपत्र चाळत राहिलो.  वार्षिक अहवालात ‘घरगुती कारणांमुळे’ हे शब्द तेव्हाच आले आणि त्या अहवालावर माझी सही आहे. स्मरणिकावाल्यांनी ते तिथूनच उचललेत.

सध्याच्या क्रीडा शिक्षकाला मी फोन केला. चांगला मुलगा आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, स्मरणिकेत हे शोभणार नाही. फार तर ते वाक्यच काढून टाकू.”

“काढू नको. दुरुस्त कर.”

“बघतो, सर,” तो म्हणाला. असं ‘बघतो’ मी आयुष्यभर इतरांना ऐकवत आलो आहे, त्याचा अर्थ मला समजतो. म्हणून हे इथे लिहितो आहे.

लिहिण्याआधी मी हिंगणघाटला गेलो. ती एका शाळेत पोषण आहार शिजवते. व्हरांड्यात खिचडीच्या मोठ्या गंजापुढे बसली होती. तिनं मला लगेच ओळखलं. “बसा, सर,” म्हणाली आणि पाणी दिलं. मी जे झालं ते सांगितलं. बहुतेक तिला माहीतच होतं. फक्त ‘सांभाळून ठेवा’ हा शब्द तिला नवा होता. तो ऐकून ती थोडी हसली आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तिनं मला माफ केलं नाही. मी तसं काही मागितलंही नाही. परीक्षेचं आता काही होऊ शकतं का, एवढं तिनं विचारलं. मी आधीच चौकशी केली होती. तो अभ्यासक्रम बंद झाला आहे, पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. “मंग राहू द्या,” ती म्हणाली.

मी फोन काढून माझं दुरुस्त केलेलं वाक्य तिला वाचून दाखवलं : ‘महाविद्यालयानेच स्पर्धेला पाठवलेले असताना हिला प्रात्यक्षिकात गैरहजर दाखवण्यात आले व त्यामुळे ती नापास झाली.’

ती खिचडी हलवत होती.

“झाली नाई, सर,” ती म्हणाली. “केली. तसं लिवा. अन् कोणं केली तेबी लिवा.”

मी ‘झाली’ खोडलं. मग ‘दाखवण्यात आले’ही खोडलं आणि तिथे ‘मी दाखवले’ असं लिहिलं. अक्षरं बारीक होती, बोटं भलतीकडेच पडत होती, वेळ लागला. तोवर पोरं ताटल्या घेऊन रांगेत आली होती आणि ती वाढायला उठली होती.