आईनं उचललेला हंडा

महिन्यातले अकरा-बारा दिवस माझे रक्तातच जायचे. कुरकुंभला औषधाच्या कंपनीत कामाला, युनिफॉर्म पांढरा. दोन पॅड, वर जुन्या साडीची घडी, तरी तासातासाला बाथरूम. सुपरवायझर विचारायचा, "ताई, रोजच पोट बिघडतं का?" हो म्हणायचे. काय सांगणार त्याला, डोंबल!

शिरूरच्या आत्याचं एकच पालुपद, "पिशवी काढून टाक, सुटशील." आमच्याकडं लेकरं झाली की बायका गर्भपिशवी काढून टाकतात, दाढ काढावी तशी. आईनंही काढली होती. घरी आल्यावर आठव्या दिवशी तिला रक्त सुरू झालं ते थांबलंच नाही. ती गेली तेव्हा मी दहावीत होते. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरगी लोळत पडली आन् आईनं हंडा उचलला. टाकं उसवलं." लोळत होते मी, खरंच. लग्नानंतर माझ्या घरात मी हंडा घेतलाच नाही, सगळ्या प्लास्टिकच्या कळश्या.

शेवटी वैतागून मीही दौंडला ऑपरेशनची तारीख घेतली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी दात काढलाय का? तेव्हा किती वेळ रक्त आलं?"

"दोन दिवस. आमच्यात येतंच. आईलापण यायचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ऑपरेशन रद्द, पुण्याला तपासण्या. रक्त गोठायला जे लागतं ते माझ्यात जन्मापासून कमी आहे. हा आजार फार थोड्यांना असतो, मला आईकडून आला असणार. तसंच कापलं असतं तर मीपण गेले असते. आता गोळ्यांनी पाच दिवसांत आटोपतं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. वाईटही वाटलं नाही.

आत्याला सांगायला मुद्दाम शिरूरला गेले. चांगली भांडणार होते. रिपोर्ट पुढं ठेवला, सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी हंड्यानं न्हाई?"

"न्हाई."

चहा गाळता गाळता तिचा हात थांबला. "पर पिशवी काढ म्हणून तर मीच तिच्या मागं लागले व्हते."

म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. तुमचा दोष नाही, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मला ते इतक्या वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. चहा निवत चालला होता. मी तो पिऊन टाकला आणि एसटीला निघाले.