साडेसतरा इंचांची पायरी

“तिच्यासाठी तरी फोडा ती पायरी, काका. बिचारी पोरगी, हात मोडून घेतला तिने.”

हे वाक्य मी जिन्यात उभी राहून ऐकलं. नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत काका तळमजल्यावर राहायचे. त्यांचं जाळीचं दार ओढलेलं होतं आणि आत सायकल ग्रूपचे चार-पाच जण चहा पीत बसले होते. बिचारी पोरगी म्हणजे मी. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात दुधाची पिशवी. आत जाऊन काहीतरी बोलावं असं फार वाटलं. पण मला वाटलेलं तोंडापर्यंत येईतो समोरची माणसं उठून घरी गेलेली असतात. त्यातून शाळा इंग्रजी माध्यमाची. राग यायचा मराठीत, शब्द आठवायचे इंग्रजीत, आणि दोघांची गाठ पडेपर्यंत राग शिळा व्हायचा. हा मात्र शिळा झाला नाही. वर जाऊन मी दूध इतक्या जोरात ओट्यावर आपटलं की पिशवी फुटली.

काकांइतका हट्टी माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडला नसता. अंबडच्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. यंत्रावरून आलेला भाग मापात आहे की नाही हे बघायचं आणि नसेल तर परत पाठवायचा, एवढंच काम. ते त्यांनी पंचवीस वर्षं कारखान्यात केलं आणि उरलेल्या वेळात घरी. काकूंनी केलेले लाडू ते ताटात एका ओळीत लावून बघत. “लग्नात हार घालायच्या आधीसुद्धा यांनी माझी उंची नजरेनं मोजली,” काकू सांगायच्या, “पास केलं हे नशीब.” कारखान्यात घाई असली की मापात न बसणारा भागही ‘या वेळेपुरता चालवून घ्या’ म्हणून एक कागद करतात. त्याला डेव्हिएशन म्हणतात. काकांनी आयुष्यात एकाही डेव्हिएशनवर सही केली नाही. “भाग ड्रॉइंगला बसत नाही म्हणून ड्रॉइंग खोडायचं नसतं,” हे वाक्य त्यांनी इतक्या साहेबांना ऐकवलं, की शेवटी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा पहिला अर्ज काकांचा होता आणि तो मंजूर करण्याची घाई सगळ्या साहेबांना.

मग त्यांनी एक डोंगर तपासायला घेतला. शहर संपून धरणाकडे जाताना डाव्या हाताला एक बोडका डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरून पायथ्यापर्यंत गुरांनी पाडलेली, दगडांची, वळणावळणांची वाट येते. नव्वदच्या दशकात काकांनी कुठूनशी एक जाड चाकांची, बिनगिअरची सायकल घेतली, ती डोक्यावर उचलून वर नेली आणि त्या वाटेने खाली आले. कसे आले हे काकूंनी कधी विचारलं नाही. पँट मात्र टाकून दिली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी काका कुदळ, पहार, कोयता आणि स्टीलची टेप घेऊन डोंगरावर. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी आभारही मानले नाहीत. पावसाचं पाणी वाटेवरून धावू नये म्हणून ते तिरपे चर खणत. मुरूम वाहून गेला की घमेल्याने परत भरत. घाणेरीची झुडपं अंगावर आली की छाटत. पण वाटेतला एकही दगड हलवायचा नाही, आणि हलला तर टेप लावून जिथल्या तिथे बसवायचा. अख्ख्या वाटेचं ड्रॉइंग त्यांनी मोठ्या कागदावर काढलं होतं. प्रत्येक दगडाची उंची, प्रत्येक वळणाची रुंदी, सगळं इंचात. “दुरुस्ती म्हणजे होतं तसं करणं,” ते म्हणत. “होतं त्याहून बरं करायला जो जातो, तो वाट लावतो.”

पायथ्याशी एका मावशींचा झेंडूचा आणि टमाट्याचा मळा होता. त्या काकांना पहिली दोन वर्षं सरकारी माणूस समजत होत्या, आणि मग वेडे. “लोकं वाटेतले धोंडे काढत्या, तुम्ही बसवता. घरी सांगून येता ना, भाऊ?” एकदा हललेल्या दगडांवर काकांनी गेरूची खूण करून ठेवली, पुढच्या रविवारी बसवायला. पुढच्या रविवारी जातात तर तिसऱ्या वळणावरच्या दगडाला झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ आणि विझलेल्या उदबत्त्या.

“मावशी, हा दगड मला सहा इंच डावीकडे घ्यायचाय.”

“हात तर लावून बघा! नवस केला आन् चार दिसांत म्हैस व्याली माझी. देव काय असा सरकवत्या का?”

काकांनी टेप काढली, देवाचं माप घेतलं आणि ड्रॉइंगवर लिहिलं, ‘देव. हलवू नये.’ त्या कागदावरची ही पहिली दुरुस्ती. तिच्याने वळण आणखी अरुंद झालं, म्हणून ती त्यांना मनापासून पसंत पडली.

पण काकांचा जीव होता तो खालच्या टप्प्यातल्या पायरीवर. एक अखंड काळा कातळ, वरून सपाट, पुढे एकदम तुटलेला. खाली हातभर सपाटी आणि लगेच उजवीकडे वळण. उंची साडेसतरा इंच. सायकलवर बसून ती उतरायची तर वजन पार मागे न्यावं लागतं, पुढचा ब्रेक सोडून द्यावा लागतो आणि काठावर अजिबात विचार करून चालत नाही. पुढे या वाटेवर यायला लागलेल्या सायकल ग्रूपमधल्या बऱ्याच जणांनी तिला बगल देणारी चोरवाट पाडली होती. काका दर रविवारी तिच्यावर बाभळीच्या फांद्या टाकून ती बंद करत आणि दर सोमवारी कोणीतरी त्या बाजूला करे. यात गंमत अशी, की काकांना स्वतःला ती पायरी कधीच उतरता आली नाही. प्रत्येक वेळी ते काठापर्यंत येत, ब्रेक लावत, खाली उतरत आणि सायकल हातात धरून पलीकडे जात. मी एकदा धीर करून विचारलं, “मग ठेवली कशाला?” ते टेप गुंडाळत म्हणाले, “जमत नाही म्हणून. जमलेल्या गोष्टी घरी ढीगभर आहेत.”

मी त्यांच्याबरोबर जायला लागले ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना. दोन हजार सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती, गिअरच्या सायकली नाशकात दिसायला लागल्या होत्या. मला काकांची सोबत आवडायची, कारण ते बोलायला लावत नसत. “घमेलं धर.” “सरक.” “त्या दगडाखाली आधी काठी घाल, विंचू असतो.” वर्षभरात त्यांनी माझं कौतुक एकदाच केलं, मी खणलेल्या चरात बाटलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघितलं आणि “हं” म्हणाले. त्या ‘हं’वर मी आठवडा काढला.

ग्रूपचा कॅप्टन नंतर आला. त्याचं सायकलींचं दुकान होतं आणि त्याला सगळ्यांचंच भलं करायचं होतं. तो काकांच्या पाया पडायचा, मला ‘चॅम्प’ म्हणायचा आणि पायरी आली की दर वेळी नेमका त्याचा ब्रेक बिघडायचा. त्याला डोंगरावर ‘फॅमिली राइड’ काढायची होती. “काका, एवढी मस्त वाट आहे, दहा माणसं येतात. जरा स्मूथ केली तर शंभर येतील. लेडीज येतील, मुलं येतील. टेन्शन काय घ्यायचं?” काका म्हणायचे, “रिंग रोड आहे की. सपाट आहे.”

ज्या रविवारी मी पडले, त्या रविवारी मी पायरीवरून जाणार हे कोणालाच सांगितलं नव्हतं. आठवडाभर मनात उतरत होते. काका वरच्या टप्प्यात चर साफ करत होते. मी आले, वजन मागे नेलं, पुढचं चाक काठावर आलं आणि तेवढ्यात खालून कॅप्टन ओरडला, “अगं ए, सायकलवरून उतर! तुला नाही जमायचं!” मी पुढचा ब्रेक दाबला. बाकी मनगटाच्या एक्स-रेमध्ये आहे.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. आईने विचारलं, “कशी पडलीस?” मी म्हटलं, “पडले.” काका भेटायला आले, खुर्चीवर बसून पाऊण तास प्लास्टरकडे बघत राहिले आणि चहा न घेता गेले. आणि मग दहा दिवसांनी जिन्यात ते वाक्य. जे लोक दोन वर्षं पायरी फोडायला कारण शोधत होते, त्यांना माझा हात सापडला होता. मला कोणी विचारलं नव्हतं. मी पडले होते आणि पडलेल्या मुलीच्या वतीने बोलायला सगळा ग्रूप मोकळा होता. सगळ्यात जास्त राग मला आला तो जाळीपलीकडून काकांचा आवाज आला तेव्हा. मला वाटलं होतं ते चहाचे कप उचलून सगळ्यांना घालवून देतील. ते म्हणाले, “रविवारी बघू. दुसऱ्या कोणी फोडायची नाही. मी फोडीन.”

रविवारी मी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून पायथ्यापर्यंत गेले आणि पुढे चालत. पायरीपाशी पंधराएक माणसं होती. एकाने घण आणला होता, कॅप्टनने कॅमेरा. काकांनी खांद्यावरची नळी उघडून ड्रॉइंग काढलं आणि कातळावर पसरून चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. मला लांबून दिसलं. ‘साडेसतरा’वर पेन्सिलीची रेघ होती, शेजारी ‘नऊ’ लिहिलं होतं आणि खाली सही होती. त्यांच्या हाताची, पण वाकडी. पंचवीस वर्षांत साहेबांच्या बापाला न मिळालेली सही त्यांनी माझ्यासाठी केली होती. एवढी माया! आणि ती करण्याआधी एकदा जिना चढून वर येऊन मला विचारावं, हे त्यांना सुचलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मायेने की संतापाने, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक संतापाने.

“चॅम्प आली बघा!” कॅप्टन म्हणाला. “काका, तिच्या हातूनच करू या का पहिला घाव? डावा हात आहे की.”

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी घण उचलला.

काका आता मुलीकडे पुण्याला असतात. गुडघे गेले. डोंगराच्या पायथ्याशी मळ्याच्या जागी रो-हाउस झाली, मावशींचा देव मात्र तिसऱ्या वळणावर आहे आणि दर रविवारी मी चर उपसते. संध्याकाळी काकांचा फोन येतो. “पाणी कुठून जातंय?” एवढंच विचारतात. मी सांगते. ते “हं” म्हणून फोन ठेवतात. मी ती साडेसतरा इंचांची पायरी कधी उतरले का, हे मी लोकांना सांगत नाही. काकांना माहीत आहे. माणसांपुढे बोलायला मला अजूनही वेळ लागतो. त्या सकाळी मात्र घण त्यांच्या खांद्याच्या वर गेला होता आणि वेळ नव्हता. पंधरा माणसांसमोर, चिरक्या आवाजात, मी एका दमात म्हटलं,

“काका, थांबा! मी ब्रेक दाबला कारण हा खालून ओरडला. नाहीतर उतरले असते. माझ्या नावाने कोणी काही फोडायचं नाही. प्लास्टर निघालं की मी परत येणार आहे.”