मिस्त्रींना न उमगलेली गाडी

गाडी तपासताना मिस्त्री कधी पुढे बसायचे नाहीत. चपला बाहेर काढायचे, मागच्या सीटवर बसून अनवाणी तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. "चला. मी झोपलोय असं समजा," म्हणायचे. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या लूमची, यंत्रमागांची, खडखड मागे पडली, पडघ्याकडची शेतं खिडकीतून वाहू लागली, की त्यांचा चेहरा असा निवायचा की खरंच झोप लागली वाटावं. मग मध्येच, "मागलं डावं चाक धरतंय." आणि धरतच असायचं.

त्यांचं गॅरेज म्हणजे चार पत्रे. मांडणीवर प्लगांच्या डब्याशेजारी बुद्धाची बोटभर मूर्ती, तिच्यावर रोज कापसाची बारीक लव साचलेली. सकाळी आधी तिला फुंकर, मग गाड्यांच्या एअर फिल्टरला. "भिवंडीत मानसाच्या न गाडीच्या नाकात एकच कापूस," म्हणायचे. प्लग काढला की उजेडात धरून त्यालाच सांगायचे, "जीभ दाखव." आधी फुकटचं बघायचं, मग खोलायचं, हा त्यांचा नेम. हवा, ब्रेक, पेडल पुरं खाली जातंय का, एवढं पाहिल्याशिवाय पान्याला हात नाही. हा नेम मला तेव्हा आठवायला हवा होता.

माझ्या सासऱ्यांची, अण्णांची, एक काळी जुनी विलायती गाडी होती. कोर्टातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले अण्णा दर रविवारी माझ्या पाच वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून हायवेने पडघ्याला जात. सत्याऐंशीच्या सुमाराला त्यांचे डोळे अधू झाले. एकदा मी मागे बसले होते. रस्त्यात उभा असलेला ट्रक त्यांना फार उशिरा दिसला. करकचून ब्रेक लागला. मुलगी हसली, तिला गंमत वाटली. घरी आल्यावर मी यांना म्हटलं, अण्णांशी बोला. "तूच बोल," म्हणून हे पेपरात शिरले.

मी बोलले नाही. अण्णांच्या समोर कोणीच बोलत नसे. एका दुपारी ते झोपलेले असताना मी लूमवरची एक तुटकी कांडी, धागा गुंडाळायची लाकडी असते ती, ॲक्सिलरेटरच्या खाली चटईआड घट्ट बसवली. गावात गाडी पूर्वीसारखीच चालायची. हायवेवर मात्र चाळीसच्या पुढे जाईना.

अण्णांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी हवा पाहिली, ब्रेक पाहिला, मग पुढचं दार उघडून वाकले आणि हाताने पेडल दाबलं. हात चटईखाली गेला. थांबला. मी अंगणात तांदूळ निवडत होते, माझी बोटंही थांबली. हात बाहेर आला तो रिकामा. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा पुसत उभ्या असलेल्या अण्णांकडे. "चला, पडघ्याला जाऊन येऊ," म्हणाले.

परत आल्यावर मुलगी सांगत होती, "मिस्त्रीकाका आज झोपलेच नाहीत. सगळा वेळ आजोबांकडेच बघत होते."

"काय मिस्त्री, काय निघालं?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, खरं सांगू? काय उमगत न्हाय बघा."

त्यानंतर तीन रविवार त्यांनी कार्ब्युरेटर खोलला, धुतला, लावला. शेवटच्या रविवारी मी त्यांना पाणी द्यायला गेले, तर पेला परत करताना हळूच म्हणाले, "बाई, लाकूड पावसात फुगतं. अधूनमधून बघत जावा." बस, एवढंच.

"मिस्त्री संपला!" अण्णांनी डॉक्टरांना सांगितलं, वकिलांना सांगितलं. "तळपायाला गाडी कळते म्हणे. आमची एक कळली नाही." हा विनोद मी शिकवत होते त्या शाळेच्या स्टाफरूमपर्यंत आला. सगळ्या हसल्या. मीही हसले.

हळूहळू गॅरेजसमोरच्या गाड्या आटल्या, आणि मिस्त्री एका कारखान्यात लूमला तेल घालायच्या ड्युटीवर लागले. रस्त्यात भेटले की विचारायचे, "म्हातारी कशी हाय?"

"चाळीसच," मी म्हणायची.

"झकास." आणि खांद्यावरचा कापूस झटकत निघून जायचे.

पंच्याण्णव साली अण्णा गेले, अंथरुणावर, घरच्यांच्या हातचं पाणी पिऊन. गाडी विकायला काढली. घेणाऱ्याच्या माणसाने दोन मिनिटांत कांडी काढून दाखवली. "एवढं दिसलं नाय तुमच्या मिस्त्रीला?" हे खो खो हसले. मी कांडी उचलून पदराआड घेतली आणि चहा टाकायला आत गेले. तोवर गप्प राहिले ते मुलीसाठी, असं म्हणता येईल. त्या दिवशी गप्प राहिले ते फक्त माझ्यासाठी. ते मला सोडत नाही.

चार वर्षांनी मिस्त्री गेल्याचं कळलं आणि मी त्यांच्या घरी गेले. त्यांचा मुलगा जवळच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनमधून, कामावरून, नुकताच आला होता. म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत बोलायचा, तुमची तेवढी गाडी मला उमगली न्हाय."

पर्समधली कांडी मी त्याच्या हातात दिली. "पहिल्याच दिवशी उमगली होती," म्हटलं, आणि कसं ते सांगितलं.

तो कितीतरी वेळ ती फिरवून बघत राहिला. एका टोकाला पेडलची खाच पडलेली होती. मग भिंतीवरच्या फोटोला म्हणाला, "मंग आमाला तरी सांगायचं ना, बाबा."

त्याने आतल्या खोलीतून आईला हाक मारली.

"बसा, बाई," मला म्हणाला. "आता तिला सांगा. पयल्यापासून."

चपला मी दाराबाहेर काढल्या होत्या. फरशी तळव्यांना गार लागत होती. मी सुरुवात केली.