बोट पुरे गं

२४ डिसेंबर. मुलाच्या कोटाचं बटण तुटलं होतं आणि घरात काळा दोरा नव्हता, म्हणून संध्याकाळी बाहेर पडले. लिव्हरपूलची जुनी गोदी त्याच्या घराजवळच आहे. विटांच्या गोदामांवर दिव्यांच्या माळा होत्या, आणि पाण्याच्या कडेला देशोदेशीचे विद्यार्थी लाल टोप्या घालून नाताळची मजा करत होते.

त्यांतली एक मुलगी उघड्या डोक्यानेच फोनवर मराठीत बोलत होती. "आई, हे बघ झाड. ही बघ बोट."

"बोट पुरे गं. तुझं तोंड दाखव."

मुलीने आणखी एक बोट दाखवली. तिचे डोळे भरले होते आणि आईला ते दिसू द्यायचे नव्हते. शेजारच्या चिनी मैत्रिणीला मराठी कळत नसणार. तरी तिने आपली टोपी मुलीच्या डोक्यावर चढवली, फोन काढून घेतला आणि सरळ तिच्याकडे वळवला.

"रडतेस होय?"

"थंडीनं गं."

"बरं. टोपी राहू दे, शोभतेय."

मायलेकी हसल्या. लांब गेलेलं माणूस घरच्यांना सगळं गाव दाखवतं आणि ज्यासाठी ते फोन धरून बसलेले असतात, तेवढंच झाकतं. मी दोरा घेऊन परतले.

सकाळी बटण लावलं आणि साताऱ्याला यजमानांना फोन केला.

"बंदर दाखव की," ते म्हणाले.

"बंदर मागून. आधी मला बघा."

"तुझ्यात काय नवीन बघायचं?"

"तरी बघा."

त्यांनी उठून चष्मा आणला.