सरांच्या कॅमेऱ्याची मोटर

हे मी बायकोपाशीही कधी बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

इंदिरानगरला माझं जुन्या, रोलच्या कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. माझे शाळेतले सर तिथे नेहमी यायचे. निवृत्तीनंतर त्यांचे हात थरथरायला लागले; रोल पुढे सरकवायचा खटका अंगठ्याने ओढवेना. म्हणून त्यांनी कुठूनतरी एक जुनी मोटर मिळवली. ती कॅमेऱ्याच्या बुडाला बसते, फोटो काढला की रोल आपोआप पुढे. जरा मंद चालत होती. मी तिचा क्लच, म्हणजे ओढ किती जोराची ते ठरवणारा भाग, आवळला. जास्तच आवळला.

असं काम झालं की एखादा वाया गेलेला रोल घालून बघायचा असतो. सगळ्यांना मीच बजावतो हे! त्या दिवशी घाई होती — छे, घाईबिई काही नव्हती. कंटाळा केला. रिकामी मोटर कानाशी धरली, आवाज बरा वाटला, देऊन टाकली.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कधी फोटो काढू द्यायच्या नाहीत. त्या रविवारी मात्र ठेवणीतली साडी नेसून गच्चीवर बसल्या. सरांनी अख्खा रोल त्यांच्यावर संपवला आणि धुवायला माझ्याकडेच दिला. बघतो तर काय — पहिल्याच फोटोपाशी फिल्मच्या कडेची भोकं फाटलेली. मोटरने हिसका दिला, फिल्म तिथेच अडकली, सगळे फोटो एकावर एक. काकूंचा चेहरासुद्धा ओळखू येईना. सरांनी रोल चुकीचा बसवला असता, तर फिल्म मोटरच्या ओढीत आलीच नसती, भोकं फाटलीच नसती. मग चूक कुणाची?

तो तुकडा मी कापून कचऱ्यात टाकला.

"सर, रोल नीट बसला नव्हता. कोरा निघालाय."

सर स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "हातच गेले रे माझे," म्हणाले.

एकदा बघून देतो म्हणत मी कॅमेरा ठेवून घेतला आणि मोटरचा क्लच गुपचूप सैल केला. सरांनी कॅमेऱ्याला पुन्हा हात लावला नाही. ते दुकानाची पायरी चढताना दिसले की अजून मनात येतं — कळलं असेल का? कुणी सांगितलं असेल का? पण सांगणार कोण, माझ्याशिवाय?

गेल्या आठवड्यात ते कॅमेरा घेऊन आले, मोटरसकट. म्हणाले, "आता तूच ठेव. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे."

सगळं अगदी ओठांवर आलं होतं. मी कॅमेरा घेतला आणि वाकून त्यांच्या पाया पडलो.