सेकंडसाबची शिकवण

शैलेंद्रचं नुसतं नाव निघालं तरी उल्हास पालकरच्या पोटात दुखायचं. वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून उल्हास आता सिंगापूरला तांजोंग पगारच्या ऑफिसात बसायचा आणि कंपनीच्या जहाजांवरच्या पोरांना वेबिनारवरून शिकवायचा. शैलेंद्रही तेच करायचा. आणि एकेकाळी उल्हास जहाजावर सेकंडसाब, म्हणजे सेकंड इंजिनिअर असताना, हाच शैलेंद्र त्याच्या हाताखाली पाचसाब होता, म्हणजे इंजिनिअरांतला सगळ्यात धाकटा. पाना कसा धरायचा इथपासून त्याला उल्हासने शिकवलेलं! आता ट्रेनिंग मॅनेजरची एकच जागा निघाली होती आणि ज्याच्या वेबिनारला माणसं जास्त, त्याचं पारडं जड होतं. शैलेंद्रकडे चौऱ्याऐंशी जण आले.

"आवाज बेडकाचा, आणि माणसं चौऱ्याऐंशी!" उल्हास सेंगकांगच्या घरी जेवताना फणफणला. "सगळी करामत वेळेची. संध्याकाळी साडेसात धरतो, लबाड."

"मग तुम्हीही धरा साडेसात," बायको नंदा म्हणाली. "आणि पोटात फारच दुखत असेल तर ओवा देते."

ओवा त्याने घेतला नाही, साडेसात मात्र घेतले. महिन्याभराने त्याच वारी, त्याच मिनिटाला, नवा शर्ट घालून तो कॅमेऱ्यासमोर बसला. नऊ जण आले. त्यातला एक घोरत होता.

दुसऱ्या दिवशी साहेबीण मिसेस टॅन यांनी दोघांना समोर बसवलं आणि शैलेंद्रला विचारलं, बेस्ट टाइम कुठला? उल्हासच्या अंगाचा तिळपापड झाला.

शैलेंद्र म्हणाला, सिंगापूरचं घड्याळ मी बघतच नाही, जहाजावरचं बघतो. ड्यूटीवर चढायच्या आधीचा अर्धा तास धरतो. गेल्या महिन्यात माझ्या वेबिनारच्या वेळी जहाजं आखातात होती, तिथे दुपारचे साडेतीन वाजले होते आणि चारला ड्यूटी बदलणार होती. काल ती जपानपाशी होती, तिथे रात्रीचे साडेआठ. निम्मे कामावर, बाकीचे झोपेत.

"हे मला सरांनीच शिकवलंय," तो पुढे म्हणाला. "उतरणाऱ्याला शिकवू नये, तो झोपेला आलेला असतो. चढणाऱ्याला शिकवावं, चहा पिता पिता."

उल्हासला सगळं आठवलं. तो स्टीलचा मग, इंजिनरूमची ती पायरी, समोर चहा फुंकत बसलेला पाचसाब शैलेंद्र. शब्द त्याचेच होते. पठ्ठ्याने ते स्वतःच्या नावावर खपवले असते तर निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. हा भलेपणा त्याला सहन होईना.

मिसेस टॅन त्याच्याकडे वळल्या. "उल्हास, देन व्हाय यू नेव्हर डू?"

महिनाभर तो फक्त शैलेंद्रकडे बघत राहिला होता, जहाजं कुठे पोचली हे त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

जागा शैलेंद्रला मिळाली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर उल्हासने बूटही न काढता नंदाकडे ओवा मागितला.